पर

पहाटे पाचला धक्क्यावर चौघं उभी असतात
नव्याकोऱ्या बुटांत, एकाच्या टोपीला किमतीची चिठ्ठी तशीच.
मी परवाने बघते, नावं विचारते, लगेच विसरते.
सांगते: उलटी आली तर वाऱ्याकडे तोंड करू नका.
सांगते: आमिष मी लावेन, गळ मी सोडवेन,
तुम्ही फक्त दोरी सैल पडू देऊ नका.
सांगत नाही, की काल दिवसभरात
एक खेकडा मिळाला आणि एक हातमोजा.

पाच नद्या उतरतात या खाडीत
ऑरेगनच्या डोंगरांतून, चहाच्या चोथ्याचा रंग घेऊन.
ओहोटीला खाडी आपलं पोट उघडं टाकते,
चिखल, कालवं, रुतलेल्या ओंडक्यांचे सुळे,
आणि गोठ्यांकडून येणारा शेणाचा वास.
पाहुणे नाकं मुरडतात.
मला धुक्यात किनारा कळतो तो त्यावरूनच.

माझा बाप, आर्वो निस्काला, इथेच जाळं टाकायचा.
मग जाळ्यांना बंदी आली.
जाळं शेडमध्ये आहे, कोंबड्या त्यात अंडी घालतात.
तो म्हणायचा, मासे दिले तर लोक पैसे देतील,
नाही दिले तरी देतील?
देतात, बाबा. आगाऊ देतात.

आज तिघे दंतवैद्य, आणि विनिफ्रेड ओक्स.
वय एकोणऐंशी. अंगात पुरुषी रेनकोट,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
आधी कधी मासे धरलेत?
छे, म्हणाली. बुकिंग हार्लनचं होतं, मार्चमधलं.
तुमच्या पत्रकात खाली लिहिलंय,
पैसे परत मिळणार नाहीत.

ते वाक्य माझंच. बारीक टायपातलं.
मी वळून इंजिनाकडे बघत राहिले.
ते नीट चालत होतं.

दहाच्या सुमाराला भरती चढू लागली
आणि काठी वाकली.
दंतवैद्यांची नाही. तिची.
अशा वेळी हार्लन काय करायचा? मी विचारलं.
ओरडायचा.
मग ओरडा.
तिने एकच शब्द उच्चारला,
जो माझ्या बापानेही फक्त वादळात वापरला असेल.

वीस मिनिटं.
मग बोटीच्या कडेला, पाण्यातच, तो:
कोहो, हातभर लांब,
कल्ले उघडझाप करणारा.
मी पाठीवरून बोट फिरवलं, शेपटीच्या जरा आधी,
आणि म्हटलं, हा नेता येणार नाही.

हॅचरीतल्या पिलांचा तिथला इवलासा पर
लहानपणीच कापतात.
कापलेला तो आपला.
न कापलेला तो नदीचा.

मला दिसत नाही, म्हणाली.
मी तिचा हात धरून पाण्याखाली नेला,
अंगठा टेकवला.
करंगळीच्या नखाएवढा, मऊ, हाड नसलेला.
आहे, म्हणाली.
आणि झोपलेल्याच्या मानेखालून काढावा
तसा हात काढून घेतला.

मासा क्षणभर तिथेच.
मग तिथे पाणी.
अहो, फोटो तरी! दंतवैद्य ओरडला.
त्याचं त्यालाच मग गप्प व्हावंसं वाटलं.

दुपारी धक्क्यावर त्यांचे दोन कापले मी,
दोन्ही पर कापलेले, नियमातले.
सीगल कोकलत होते.
ती खोक्यावर बसली होती, ओला हात मांडीवर उताणा.
ओक्सबाई, म्हटलं, त्या पैशांचं—
साबण हवा का विचारणार असशील,
तर नको.

मग किल्ल्या शोधायला रेनकोटाच्या खिशात हात घातला
तर किल्ल्यांआधी निघाली एक गोळी,
कागदाच्या पुडीत, पुडीवर वेळ लिहिलेली: पहाटे ४.
ती एवढी हसली की खोका करकरला.
त्याला बोट लागायची, म्हणाली.
नदीतसुद्धा.
तलावातसुद्धा.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी डेक धुतला.
खाडी पुन्हा पोट उघडं टाकू लागली होती.
पत्रकांचा गठ्ठा केबिनमध्ये, ती ओळ तशीच.
खोडायची म्हणून रात्री पेन शोधते,
पेन सापडतं, शाई वाळलेली असते,
आणि पाच वाजतात.